धुळ्याला गारठा, गुलमर्गला बर्फ

डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या वेधशाळेचा पारा ६ अंशांच्या आसपास उतरतो. रावेर-यावल पट्ट्यातले केळीवाले रात्रीतून बागांना पाणी भरतात, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठरलेला मथळा असतो: उत्तरेत हिमवृष्टी, खानदेश गारठला. हा संबंध नुसता मथळ्यापुरता नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले कमी दाबाचे पट्टे इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. हवामानवाले त्यांना पश्चिमी प्रक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात महिन्याला साधारण चार ते सहा येतात, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात आणि पुढे सरकतात. ते सरकले की मागून उत्तरेची कोरडी थंड हवा मोकळी सुटते आणि थेट तापीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोचते.

म्हणजे ज्या सकाळी धुळेकर कानटोपी शोधत असतो, त्या सकाळी बऱ्याचदा गुलमर्गात बर्फ पडून नुकताच थांबलेला असतो. आकाश निळंभोर, ऊन लख्ख, उतारांवर अजून कुणाची रेघही उमटलेली नाही. स्कीवरून डोंगर चढून उतरू पाहणाऱ्याला याहून मोहाचा दिवस नाही. आणि नेमका तोच सर्वांत धोक्याचा. दमदार हिमवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास हिमस्खलनाच्या दृष्टीने फार वाईट असतात, कारण खालच्या जुन्या थरांवर नवं ओझं आलेलं असतं आणि ते अजून बसलेलं नसतं.

स्की म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो सहलीचा फोटो: भाड्याचे बूट, भाड्याचे स्की, मागून धरून ठेवणारा स्थानिक गाइड आणि शंभर पावलांचा उतार. स्की टूरिंग हे त्यापेक्षा अगदी वेगळं प्रकरण आहे. यात रोपवे नाही, यंत्राने दाबून सपाट केलेली वाट नाही. डोंगर स्वतःच्या दमावर चढायचा, तोही स्कीवरूनच, आणि मग उतरायचा. खरं तर लिफ्ट येण्याआधी सगळं स्कीइंग असंच होतं. ऑस्ट्रियाच्या मथियास झ्डार्स्कीने १८९० च्या दशकात तीव्र उतारावर स्की वळवण्याचं तंत्र बसवलं. फ्रान्समधल्या शामोनीहून स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटपर्यंतची, हिमनद्या ओलांडत जाणारी अनेक दिवसांची वाट १९११ मध्ये स्कीवरून पार झाली आणि आजही जगभरचे लोक ती करायला जातात. २०२६ च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच प्रकारातली शर्यत, स्की माउंटेनिअरिंग, पहिल्यांदा आली. आपल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांत तिच्या शर्यती गुलमर्गला होतात.

बर्फाच्या उतारावर घसरायला बनवलेली पट्टी पायाला बांधून वर चढायचं कसं, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर स्कीच्या तळाला चिकटवायच्या एका केसाळ पट्टीत आहे. तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा शेळीच्या लोकरीची किंवा नायलॉनची असते. टोकाकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर केस उभे राहून बोटांना अडवतात. बर्फावरही तेच होतं: स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. नवशिके पाय उचलून टाकतात आणि अर्ध्या तासात दमतात. पाय उचलायचा नसतो, सरकवायचा असतो. बूट पुढच्या टोकाशी दोन पिनांवर धरलेला असतो आणि टाच मोकळी राहते. ही पिनांची हलकी रचना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात काढली. माथ्यावर पोचलं की स्किन सोलून काढायची, चिकट बाजूवर बर्फाचे कण न बसू देता घडी घालून जॅकेटच्या आत ठेवायची, टाच बंद करायची आणि उतरायचं. वाऱ्यात, जाड हातमोजे घालून ही अदलाबदल करताना शिकाऊ माणूस सहज वीस मिनिटं घालवतो. तोवर अंगावरचा घाम गार पडतो आणि हुडहुडी भरते.

भारतात हा खेळ पोचला तो इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. त्यांनी १९२७ मध्ये गुलमर्गला स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईने बर्फावर लढू शकणाऱ्या सैनिकाची गरज दाखवून दिली आणि डिसेंबर १९४८ मध्ये १९ इन्फन्ट्री डिव्हिजनने गुलमर्गलाच स्कीची शाळा सुरू केली. तीच पुढे हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. सियाचिनच्या इतिहासात ज्यांचं नाव कायमचं कोरलं गेलं, ते कर्नल नरेंद्र ऊर्फ ‘बुल’ कुमार या संस्थेचे प्रमुख होते आणि १९७८ ची सियाचिनजवळच्या तेराम कांग्री शिखराची मोहीम त्यांनी तिथूनच काढली. पुढे गुलमर्गला गोंडोला, म्हणजे रोपवे, आला. त्याचा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला आणि २,६५० मीटरवरच्या गुलमर्गातून माणूस काही मिनिटांत अफरवट डोंगराच्या ३,९०० मीटरहून उंच खांद्यावर जाऊन उभा राहू लागला. तिथून दोन्ही बाजूंना जे उतार पसरले आहेत, त्यांतले थोडेच राखलेले आहेत. बाकीचा डोंगर मोकळा आहे.

या मोकळ्या डोंगरावर काय होतं? १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन झालं. दोन पोलिश स्कीपटू गेले, १९ परदेशी पर्यटकांना वाचवण्यात आलं. वर्षभराने, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी, खाली ‘खेलो इंडिया’च्या स्पर्धा चालू असताना वरच्या उतारावर पुन्हा बर्फ सुटला आणि एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. ही माणसं बर्फाच्या देशांतून आलेली होती.

बर्फ सुटतो म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ आहे. बहुतेकांच्या मनात वरून गडगडत येणारा गोळा असतो. माणसं मारणारं हिमस्खलन सहसा तसं नसतं. बाजार समितीत ज्वारीची रास ओतलेली असते, तिच्या उतरत्या अंगावर एक रुंद फळी अलगद टेकवून ठेवली आहे असं समजा. फळी घट्ट आहे, तिच्यावर उभंही राहता येईल असं वाटतं. पण खालचे दाणे एकमेकांना धरून नाहीत. फळीवर पाय पडला की दाणे निसटतात आणि सगळी फळी एकदम सुटते. बर्फात असे निसटते दाणे तयार होतात ते थंडीमुळेच. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो. जमिनीलगत त्याचं तापमान शून्याच्या आसपास असतं आणि वरची हवा कडक थंड. या फरकाने खालच्या बर्फाचे कण बदलून रवाळ, सुटे होतात. त्यांच्यावर पुढच्या प्रत्येक हिमवृष्टीची नवी फळी बसते. लडाख-स्पितीसारख्या कोरड्या, अतिथंड भागात हा कच्चा थर हंगामभर टिकून राहतो.

आणि फळी मोडतो कोण? ज्या स्खलनांत माणसं सापडतात, त्यांतली दहापैकी सुमारे नऊ त्या माणसांनी किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुरू केलेली असतात. हे वाक्य दोनदा वाचण्यासारखं आहे. डोंगर अंगावर येत नाही, आपण त्याला हात लावतो. यात भीती आहे तसा दिलासाही आहे, कारण हात कुठे लावायचा नाही हे शिकता येतं.

शिकण्यातली पहिली गोष्ट कोन. फळीसारखी सुटणारी हिमस्खलनं बहुतांश ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि ३५ ते ४० अंश ही सर्वांत वाईट पट्टी. ४५ च्या बऱ्याच वर बर्फ सहसा साठत नाही, थोडा थोडा गळत राहतो. ३० च्या खाली तो सहसा सुटत नाही. पेच असा की स्कीवरून उतरायला ज्यात खरी मजा येते तो उतारही नेमका तिशी-पस्तिशीतला. म्हणून सुरुवातीच्या सहली ३० अंशांखालच्या उतारांवरच कराव्यात, आणि तसं करताना डोक्यावर तीव्र उतार लटकत नाही ना, हेही बघावं. खालून सपाटीवरून चालणाऱ्याच्या वजनानेसुद्धा वरचा उतार सुटू शकतो.

आता खानदेशाच्या कामाची गोष्ट. हा कोन ओळखायला बर्फ लागत नाही. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या उतारावर, पाटणादेवीच्या वरच्या कन्हेरगडावर, तोरणमाळच्या घाटाच्या कडेला कुठेही उभं राहून आधी अंदाज करायचा, मग मोबाइलमधल्या कोनमापकाने किंवा कलमापक असलेल्या होकायंत्राने मोजायचं. एक काठी उताराला समांतर टेकवली की तिच्यावर मोबाइल ठेवून आकडा लगेच मिळतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा अंदाज दहा-दहा अंशांनी चुकतो आणि वरून पाहणाऱ्याला तर साधा उतारही उभा कडा वाटतो. पंधरा-वीस ठिकाणी मोजून झाल्यावर डोळा बसू लागतो. बर्फाने झाकलेल्या डोंगरावर खुणा नसतात, म्हणून बसलेला डोळाच उपयोगी पडतो. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, हा सराव अर्थातच पहाटे उरकावा.

दुसरी गोष्ट मिनिटांची.

सियाचिनच्या सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी बर्फाची भिंत कोसळली. दहा जवान गाडले गेले; त्यांत साताऱ्याचे शिपाई सुनील सूर्यवंशी होते. सहा दिवसांनी कर्नाटकचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, ११ फेब्रुवारीला त्यांनी दिल्लीत प्राण सोडला. सगळ्या देशाने ती झुंज पाहिली आणि लोकांच्या मनात एक चुकीचा हिशेबही बसला, की बर्फाखाली माणूस दिवसच्या दिवस तग धरतो. तो अपवाद होता. सर्वसाधारण आकडे असे आहेत: पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहापैकी नऊ वाचतात, अर्धा तास उलटला की दहापैकी साधारण तीनच. बहुतेक जण गुदमरून जातात. थांबलेला बर्फ घट्ट बसतो आणि आतल्या माणसाला हाताचं बोटही हलवता येत नाही. अर्ध्या तासात कोणतंही बचाव पथक अफरवटच्या मागच्या बाजूला पोचू शकत नाही. वाचवणारा असतो तो शेजारी उभा असलेला सोबती, आणि त्याच्याजवळ तीन वस्तू असल्या तरच.

पहिली, ट्रान्सीव्हर किंवा बीकन. छातीला पट्ट्याने बांधायचं हे छोटं यंत्र ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवत राहतं. कुणी गाडलं गेलं की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधण्याच्या बाजूला वळवायचं. जगभर सगळ्या कंपन्यांची यंत्रं याच एका लहरीवर चालतात. मोबाइल जवळ असला की तो गोंधळ घालतो, म्हणून यंत्र पाठवत असताना २० सेंटिमीटर आणि शोधत असताना ५० सेंटिमीटर अंतर राखायचा नियम आहे. दुसरी वस्तू प्रोब, म्हणजे घडीची लांब सळई, अडीच-तीन मीटरची. यंत्राने जागा दाखवली की ती २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल खुपसत जायचं, मऊ काही लागेपर्यंत. लागली की ती तिथेच सोडायची, काढायची नाही. तिसरं फावडं, धातूचं. प्लास्टिकचं फावडं त्या दगडी बर्फावर मोडतं. सळईच्या शेजारी खड्डा खणू नये, उताराच्या खालच्या अंगाने आडवं खणत जावं, म्हणजे गाडलेल्या माणसाच्या डोक्यावर आपण उभे राहत नाही आणि बर्फ टाकायलाही जागा राहते.

हवेने फुगणारी पिशवी असलेली सॅकही मिळते. ती उपयोगी आहे, महागडी आहे आणि या तिन्हींची जागा घेत नाही.

हा सरावही घरच्या घरी होण्यासारखा आहे. उन्हाळ्यात गिरणेचं किंवा पांझरेचं पात्र कोरडं पडतं. एकाने ट्रान्सीव्हर चालू करून पिशवीत घालून वाळूत मीटरभर खाली पुरायचं, पन्नास पावलांवरून दुसऱ्याने घड्याळ लावून निघायचं. यंत्रावरचे आकडे कमी होत जातात तसं चालणं मंद करायचं, शेवटी यंत्र जमिनीला टेकवून आडवं-उभं फिरवून सर्वांत लहान आकड्याची जागा धरायची. पहिल्या वेळी भलतीकडे खणलं जातं. वेळ दहा मिनिटांच्या आत आली की मग दोन पिशव्या पुराव्यात. वाळू उपसताना कंबर किती लवकर भरते, हेही कळतं. यंत्र विकत घेण्याआधी गुलमर्गात भाड्याने मिळतं, पण भाड्याचं यंत्र हातात घेऊन त्याच सकाळी डोंगरावर जाणाऱ्याला त्याचा उपयोग जवळपास शून्य.

पायांचं म्हणाल तर खानदेशाला कमी लेखण्याचं कारण नाही. जिथले लोक दिवाळीत अस्तंब्याचा डोंगर रात्रभर चालून चढतात, तिथल्या पायांत दम आहेच. पण स्कीवरून उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, आणि ती सवय चढण्याने लागत नाही, उतरण्याने लागते. साक्री-पिंपळनेर-ताहाराबादमार्गे धुळेकरांना गाठता येणारा साल्हेर, १,५६७ मीटरचा, यासाठी उत्तम. पाठीवर दहा किलो घेऊन चढायचं आणि न धावता, गुडघ्यावर ताबा ठेवून उतरायचं. तीन-चार महिने हे केलं की गुलमर्गच्या दुसऱ्या दिवशी जिन्यावरून बसत उतरायची वेळ येत नाही.

जे इथे कमावता येत नाही ते म्हणजे उंची. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे. अडीच हजार मीटरनंतर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, तालमीतल्या पैलवानालाही. डोकेदुखी, मळमळ, झोप उडणं ही सुरुवात. तीन हजारांच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंचावू नये, हा डॉक्टरांनी घालून दिलेला दंडक. गोंडोलाने वर जाऊन तासाभरात परतणं वेगळं आणि वर राहून कष्ट करणं वेगळं. त्यातून तोल जाऊ लागला, सरळ रेषेत चालता येईना, तर औषध शोधत बसू नये, माणसाला खाली आणावं.

कपड्यांत आपली सवय आडवी येते. सुती बनियन घामाने भिजतं आणि वाळत नाही. सुती कपडा बर्फात नकोच. चढताना थोडी थंडी वाजेल इतपतच अंगावर ठेवायचं आणि थांबल्याबरोबर जाड जॅकेट चढवायचं. काळा चष्मा ही शान नव्हे, बर्फावरून परावर्तित होणाऱ्या किरणांनी डोळे भाजतात आणि रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, कारण एक हमखास उडून जातो.

आता शिकायचं कुठे. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहणाची संस्था आहे. मनालीची अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था सोलंगच्या उतारांवर स्कीचे कोर्स घेते, तर औलीला गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स होतात. औली हे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांचं ठिकाण, पण २०२३ मध्ये खालचं जोशीमठ खचू लागल्यावर तिथला मोठा रोपवे बंद झाला, एवढं ध्यानात ठेवून जावं. हे कोर्स स्की शिकवतात: थांबायचं कसं, वळायचं कसं, पडल्यावर उठायचं कसं. हिमस्खलनाचं शिक्षण हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळा घ्यावा लागतो. स्की शिकलेला माणूस हिमस्खलनही शिकलेला असतो, असं समजण्यात बरेच जण फसतात.

गिर्यारोहणाच्या बाजूने येणाऱ्यांची गत उलटी. पुण्यामुंबईतल्या संस्थांमुळे महाराष्ट्रात हिमालयात जाणाऱ्यांची मोठी फळी तयार झाली, यूथ हॉस्टेलच्या सार पास ट्रेकने कित्येकांना पहिला बर्फ दाखवला. या मंडळींना उंची, थंडी, तंबू सगळं ओळखीचं असतं. पण ट्रेकची वाट कुणीतरी आखून ठेवलेली असते. स्की टूरिंगमध्ये वाट रोज नव्याने आखावी लागते. आणि अनुभव हे कवच नाही, याचा दाखला ४ ऑक्टोबर २०२२ चा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा ॲडव्हान्स कोर्सचा गट ५,६७० मीटरच्या द्रौपदी का डांडा शिखराकडे चढत असताना उतार सुटला. प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक मिळून २९ जण गेले. त्यांत सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात १६ दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू दोन्ही चढून आलेली ही मुलगी.

सरकारी इशाऱ्यांची सोय आहे. हिमस्खलनाचा अभ्यास करणारी मनालीची संस्था १९६९ पासूनची. आता ती संरक्षण संशोधन खात्याच्या चंदीगडच्या डीजीआरई संस्थेत सामावली आहे. तिचे इशारे हिवाळ्यात जिल्हावार येतात. पण जिल्हावार इशारा म्हणजे समोरच्या उताराचा दाखला नव्हे. वाऱ्याने एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचलेला असतो, उन्हाची बाजू दुपारी सैल होते. शिवाय युरोपातल्या धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या मापावर सर्वाधिक माणसं तिसऱ्या पायरीवर मरतात. पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, असं मनाशी ठरवून लोक निघतात. चौथ्या-पाचव्या पायरीला मुळात फारसं कुणी घराबाहेर पडत नाही. डोंगर स्वतःही बोलतो: आजूबाजूला ताजी स्खलनं दिसणं, पायाखालून ‘धप्प’ असा आवाज येऊन बर्फ बसणं, स्कीच्या टोकापासून तडा पळत जाणं. यातलं एकही दिसलं तरी परतायचं.

परतायला जमत नाही, ही खरी अडचण. अमेरिकेतले संशोधक इयन मॅकॅमन यांनी सातशेहून अधिक हिमस्खलन अपघात तपासले. धोक्याच्या खुणा दिसत असूनही माणसं पुढे गेली होती, आणि त्यांत प्रशिक्षण घेतलेलेही होते. ओळखीचा उतार, ठरवलेलं शिखर, पुढे गेलेला दुसरा गट, कमी मिळणारी संधी, अशी कारणं पुन्हा पुन्हा निघाली. खानदेशातून जाणाऱ्याच्या बाबतीत यात आणखी एकाची भर पडते: रजा. झेलम एक्सप्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळला थांबून थेट जम्मूला नेते. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला रेल्वेही सुरू झाली. प्रवास सोपा झाला, पण जाण्यायेण्यातच रजेचे चार-पाच दिवस जातात. उरलेल्या चार दिवसांतले दोन बर्फ पडण्यात गेले की तिसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर, ‘एवढ्या लांबून आलोय’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. त्यावर इलाज एकच: दोन दिवस रिकामे धरूनच तिकीट काढायचं, आणि गटातल्या कुणीही, अगदी सर्वांत नवख्यानेही, ‘नको’ म्हटलं तर चर्चा न करता वळायचं, हे निघण्याआधी ठरवायचं.

काही रुक्ष पण जिवाच्या गोष्टी. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरात चालत नाही, पोस्टपेड न्यावं. उपग्रहावरून संदेश पाठवणारी खिशातली यंत्रं परदेशात सर्रास वापरतात, पण भारतात ती दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. अमेरिकेतल्या भावाने प्रेमाने पाठवलेलं यंत्र विमानतळावर अडकवू शकतं. साध्या प्रवास विम्यात लिफ्टबाहेरचं स्कीइंग सहसा धरलेलं नसतं, पॉलिसी वाचून घ्यावी. गुलमर्ग नियंत्रण रेषेजवळ आहे, त्यामुळे कुठल्या खोऱ्यात उतरता येतं आणि कुठल्या नाही, हे स्थानिक गाइडच सांगू शकतो. गाइड निवडताना त्याच्या स्वतःच्या सॅकमध्ये फावडं आणि प्रोब आहे का, आणि निघण्याआधी तो प्रत्येकाचं ट्रान्सीव्हर तपासतो का, एवढं पाहिलं तरी पुरे.

जे स्की करणारच नाहीत त्यांनाही यातलं थोडं माहीत असायला हवं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर बर्फ कोसळून सात पर्यटक गेले. त्यांच्यापैकी कुणी गिर्यारोहक नव्हतं. गाडीतून उतरून बर्फात खेळायला उताराच्या पायथ्याशी जाणं, इतकंच पुरतं.

सामान घेण्याचा क्रमही उलटा ठेवलेला बरा. बहुतेक जण आधी स्की पाहतात, कारण त्या दिसायला देखण्या. आधी चष्मा, हातमोजे आणि उबदार आतले कपडे घ्यावेत, मग हिमस्खलनाचं शिक्षण, मग ट्रान्सीव्हर-प्रोब-फावड्याचा संच. नंतर बूट, कारण भाड्याचा बूट पायाला सोलतो आणि बूट नीट बसला नाही तर कुठलीच स्की वळत नाही. स्की सर्वांत शेवटी, दोन-तीन हंगाम भाड्याच्या वापरून, आपल्याला कुठली जमते ते कळल्यावर. गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरअखेर ते मार्च. संस्थांच्या कोर्सच्या जागा त्याआधीच भरतात. पहिल्या हिवाळ्यात फक्त कोर्स आणि राखलेले उतार. दुसऱ्या हिवाळ्यात गाइडबरोबर, तिशीखालच्या उतारावर, अर्ध्या दिवसाच्या सहली. म्हणजे या जानेवारीत जो जळगावहून निघेल, त्याला वर्षभर तरी स्किन चिकटवायची गरज पडणार नाही.